सुरतेहून काय आणावे?

सुरत हे नाव कानी पडताच मराठी माणसास प्रथम आठवते ती शिवाजी महाराजांची स्वारी. जानेवारी १६६४ मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर १६७० मध्ये महाराजांनी ते श्रीमंत बंदर लुटले, हे आपण शाळेतच शिकतो. पहिल्या स्वारीच्या वेळी फादर ॲम्ब्रोज या कपुचिन धर्मगुरूंच्या मठास मराठी सैन्याने हात लावला नाही, असे बर्निए या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवले आहे. जे घ्यावयाचे ते घ्यावे आणि जे राखावयाचे ते राखावे, एवढा विवेक त्या लुटीतही होता.

आज सुरतेहून आणण्याजोगे द्रव्य निराळे आहे आणि ते आणल्याने सुरत गरीब होत नाही. शहराचा कचरा कसा उचलावा, सांडपाणी पुन्हा कामास कसे लावावे, धुराड्यांचा धूर कसा आवरावा, पुढच्या पिढीस पाणी, हवा व जमीन शिल्लक राहील असा कारभार कसा करावा, ही ती विद्या होय. एका शहरात सुचलेली अशी युक्ती दुसऱ्या शहरात कशी पोहोचते, वाटेत तिच्यातले काय गळून पडते आणि आपणां खेड्यातल्या लोकांचा त्याच्याशी काय संबंध, हे या आठवड्यात पाहू.

प्रारंभ एका दुःखद घटनेपासून करावा लागतो. ऑगस्ट १९९४ मध्ये आपल्या बीड जिल्ह्यातील मामला या गावी प्लेगच्या गाठीचे रुग्ण आढळल्याची वार्ता आली. पुढच्याच महिन्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगने माणसे दगावू लागली. त्या वर्षी पावसाळ्यात तापीचे पाणी सखल वस्त्यांत शिरले होते. पाणी ओसरल्यावर गाळ, कचरा व मेलेली जनावरे तशीच पडून होती. सुमारे पन्नास माणसे मृत्यू पावली. आकडा फार मोठा नव्हता. परंतु भीती फार मोठी होती. काही दिवसांतच लाखो माणसे रेल्वेने, ट्रकने, मिळेल त्या वाहनाने शहर सोडून निघून गेली. त्यांत यंत्रमागांवर व रंगाईच्या गिरण्यांत राबणारी आपली खानदेशातील कुटुंबेही होती. तापीकाठच्या लोहमार्गाने ती जळगाव-धुळ्याकडच्या आपल्या गावी परतली आणि गावानेही त्यांस दारात उभे करून घ्यावे की नाही, असा विचार केला. अरबी देशांनी हिंदुस्थानात येणारी विमाने थांबविली. हिऱ्यांचे व रेशमाचे शहर म्हणून मिरविणाऱ्या सुरतेस त्या दिवसांत सर्वांत घाणेरडे शहर असे नाव पडले.

पुढे मे १९९५ मध्ये श्री. एस. आर. राव हे महापालिकेचे आयुक्त म्हणून आले. त्यांनी कोणते नवे यंत्र आणले, असे कोणी विचारील तर उत्तर निराशाजनक आहे. कारण त्यांनी विशेष असे यंत्र आणलेच नाही. त्यांनी शहराचे सहा विभाग करून प्रत्येक विभागाच्या अधिकाऱ्यास पैसा खर्च करण्याचा व निर्णय घेण्याचा अधिकार दिला. सर्व अधिकाऱ्यांनी सकाळी थंडगार खोलीत न बसता रस्त्यावर उतरावे, आपला विभाग पायी पाहावा आणि दुपारी येऊन काय दिसले ते सांगावे, असा दंडक घातला. कोणता रस्ता कोणी झाडावयाचा याची यादी झाली. मुख्य रस्ते रात्री झाडले जाऊ लागले. घाणेरड्या खाणावळींस टाळे लागले. अनधिकृत बांधकामे पाडताना वजनदार लोकांचीही गय झाली नाही. रुग्णालयांतून रोज तापाचे किती रुग्ण आले याची नोंद महापालिकेत येऊ लागली. एखाद्या गल्लीत ताप वाढला की दुसऱ्या दिवशी तेथे माणसे हजर होत. पूर्वी रोजच्या कचऱ्यापैकी निम्म्याच्या आसपास उचलला जाई. तो आता नव्वद टक्क्यांहून अधिक उचलला जाऊ लागला. १९९६ साली वारसा जतन करणाऱ्या ‘इन्टॅक’ या संस्थेने सुरतेस चंदीगडच्या खालोखाल देशातील दुसरे स्वच्छ शहर ठरविले. प्लेगला तेव्हा दोन वर्षे झाली होती.

साहजिकच सुरतेकडे इतरांचे लक्ष गेले. येथे आपणांस एका जुन्या गोष्टीची आठवण होते. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आला, तेव्हा तो प्रथम ओळखला डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्याच्या ख्रिस्ती डॉक्टरांनी. धोबीतलावाजवळ मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. मुंबईस जाणाऱ्या वाचकांनी तो पाहिलाही असेल. वांद्र्यासारख्या गावठाणांतून प्लेगच्या काळात उभारलेले क्रूस तर आपल्या ओळखीचेच आहेत. त्या साथीनंतर १८९८ साली मुंबईत सुधारणा विश्वस्त मंडळ स्थापन झाले. दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते व हवेशीर घरे बांधावयाची, ही त्या मंडळाची कल्पना. ती मुंबईत जन्मली नव्हती. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराने १८६६ साली असेच मंडळ काढले होते आणि मुंबईने त्याचा कित्ता गिरविला. पुढे १९११ साली कलकत्त्यानेही तसाच कायदा करून घेतला.

ग्लासगोहून मुंबईस आणि मुंबईहून कलकत्त्यास रुंद रस्त्यांची कल्पना सुखरूप पोहोचली. परंतु घरे पाडली गेली त्या गरिबांनी कोठे राहावे, हा प्रश्न वाटेत मागे राहिला. मुंबईत पाडलेल्या घरांच्या मानाने नवी घरे कमी झाली आणि पुष्कळ कुटुंबे शेजारच्या चाळींत आणखी दाटी करून राहिली. म्हणजे ज्या दाटीवर औषध आणले ती दाटीच वाढली. उसन्या युक्तीचा हा पहिला धोका होय. डोळ्यांस दिसते ते सहज उचलले जाते. ज्याने ती युक्ती खरोखर उपयोगी पडते, अथवा ज्याने ती कोणास तरी चिरडते, ते चटकन दिसत नाही.

सुरतेचा धडा इतर शहरांत गेला तो तीन वाटांनी. पहिली वाट पायांची. अधिकारी व नगरसेवक सुरत पाहावयास गेले. दुसरी वाट न्यायालयाची. प्लेगच्या धक्क्याने जागी झालेल्या नागरिकांपैकी श्रीमती अलमित्रा पटेल यांनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला की, शहरे कचरा उचलीत नाहीत व उचललेला कसाही टाकतात. न्यायालयाने समिती नेमली, तिचा अहवाल १९९९ साली आला आणि २००० साली सर्व देशासाठी कचऱ्याचे नियम झाले. एका शहराची सवय ही अशा रीतीने सर्वांची कायदेशीर जबाबदारी झाली. तिसरी वाट चढाओढीची. २०१६ पासून केंद्र सरकार शहरांच्या स्वच्छतेची पाहणी करून क्रमांक लावीत आले आहे. त्यांत २०१७ पासून मध्य प्रदेशातील इंदूर सतत पहिले येत राहिले आणि गावोगावचे लोक सुरतेऐवजी इंदुरास जाऊ लागले. तेथे घराच्या उंबरठ्यावरच ओला व सुका कचरा वेगळा होतो. ओल्या कचऱ्यापासून वायू तयार करणारा मोठा कारखाना तेथे २०२२ साली सुरू झाला.

आणि सुरत? २०१९ च्या यादीत ती चौदाव्या स्थानी होती. पाहणीची पद्धत १९९६ पेक्षा निराळी होती हे खरे; तरीही एके काळच्या गुरूचे स्थान इतके खाली जावे, हे विचार करण्यासारखे होते. सुरतेने तो विचार केला. २०२० साली ती दुसरी आली, नंतरची दोन वर्षेही दुसरी राहिली आणि २०२३ च्या पाहणीत इंदुरासह पहिली ठरली. शिकविणाऱ्यासही पुन्हा शिकावे लागते, हे यावरून दिसते. एकदा झाडलेले अंगण दुसऱ्या दिवशी पुन्हा झाडावे लागते, ही गोष्ट आपल्या घरातील गृहिणीस कोणत्याही आयुक्ताने शिकविण्याची गरज नाही.

आता पाण्याचे पाहू. सुरतेच्या पांडेसरा भागात कापड रंगविण्याच्या व छापण्याच्या गिरण्या आहेत. त्यांस पाणी अतोनात लागते. शहराच्या घराघरांतून निघणारे सांडपाणी दुसरीकडे वाहून जात होते आणि गिरण्या मात्र गोड्या पाण्यासाठी धडपडत होत्या. २०१४ साली महापालिकेने बमरोली येथे रोज चार कोटी लिटर सांडपाणी तिसऱ्यांदा गाळून शुद्ध करणारा प्रकल्प सुरू केला व ते पाणी गिरण्यांस विकावयास आरंभ केला. ही कल्पनाही सुरतेची स्वतःची नव्हती. मद्रासेतील काही मोठ्या कारखान्यांनी त्याच्या पुष्कळ आधी, १९९० च्या दशकातच, शहराचे सांडपाणी शुद्ध करून वापरावयास घेतले होते. सुरतेने ती आपल्या गिरण्यांच्या गरजेस बसेल अशी करून घेतली. २०१८ साली गुजरात सरकारने शुद्ध केलेल्या सांडपाण्याच्या फेरवापराचे धोरणच जाहीर केले. आपल्या नागपुरानेही भांडेवाडी येथे शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रास देण्याची व्यवस्था केली. वीज केंद्राने सांडपाणी घेतले म्हणजे तितके धरणाचे पाणी माणसांस व शेतीस उरते. येथे नागपुराने सुरतेची अथवा मद्रासेची हुबेहूब नक्कल केली असती तर निरुपयोगी ठरली असती. कारण नागपुरास रंगाईच्या गिरण्या नाहीत. त्याने आपल्या दारचे गिऱ्हाईक शोधले.

धुराची गोष्ट याहून बोधप्रद आहे. गिरण्यांच्या धुराड्यांतून निघणारी बारीक धूळ छातीस फार अपाय करते. अमेरिकेने १९९० च्या कायद्याने वीज कारखान्यांतील गंधकाच्या धुराकरिता एक बाजार निर्माण केला होता. सर्व कारखान्यांनी मिळून किती धूर सोडावा याची मर्यादा ठरवावयाची आणि तेवढेच परवाने द्यावयाचे. ज्याने आपला धूर कमी केला त्याने उरलेले परवाने विकावेत. ज्यास ते जमले नाही त्याने ते विकत घ्यावेत. हीच कल्पना थोडी बदलून २०१९ साली सुरतेत बारीक धुळीसाठी लावण्यात आली. धुळीकरिता असा बाजार जगात प्रथम सुरतेतच भरला. तीनशेहून अधिक कारखाने निवडून त्यांपैकी काही या बाजारात घेतले व काहींस जुनेच नियम लागू ठेवले. बाजारातील कारखान्यांची धूळ इतरांपेक्षा वीस ते तीस टक्क्यांनी कमी झाली, असे अभ्यासकांस आढळले. पुढे अहमदाबादेनेही ही पद्धत स्वीकारली.

यातील एक बारकावा वाचकांनी ध्यानात ठेवावा. धूर मोजण्याची यंत्रे दोन्ही गटांच्या धुराड्यांवर बसविली होती. ज्यांस जुना नियम लागू होता त्यांच्याही धुराड्यावर यंत्र होते. पण त्यांची धूळ तितकी घटली नाही. फरक पडला तो मोजल्यानंतर काय होते यामुळे. एका ठिकाणी आकडा कागदावर राहिला, दुसऱ्या ठिकाणी तो खिशापर्यंत पोहोचला. एखादे शहर उद्या फक्त ती यंत्रे विकत आणील आणि आम्ही सुरतेची पद्धत आणली असे सांगेल, तर त्याने घोडा सोडून लगाम तेवढा आणला असे म्हणावे लागेल.

काही गोष्टी मात्र उसन्या आणताच येत नाहीत. ऑगस्ट २००६ मध्ये तापीस महापूर आला. सुरतेच्या वर सुमारे शंभर किलोमीटरवर उकाई धरण आहे. तेथून नऊ लाख घनफूट प्रतिसेकंद इतके पाणी सोडावे लागले आणि शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. त्यानंतर २००८ साली रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने आशियातील काही शहरांचे एक मंडळ बनले. हवामानाच्या बदलाशी तोंड कसे द्यावे हे एकमेकांपासून शिकणे, हा त्याचा हेतू. भारतातून प्रथम सुरत, इंदूर व गोरखपूर ही तीन शहरे त्यात आली. सुरतेचे दुःख नदीचा पूर, इंदुराचे पाण्याची टंचाई आणि गोरखपुराचे साचून राहणारे पाणी. एकाचे औषध दुसऱ्यास चालणारे नव्हते. तरीही बरोबर बसून त्यांनी एक गोष्ट उचलली: संकट येण्याआधी कोणत्या वस्तीत कोण राहते, प्रथम कोणास हलवावे, खबर कोणी कोणास द्यावी, हे वेळ असताना ठरवून ठेवणे. सुरतेने धरण, हवामान खाते व महापालिका यांस जोडणारी पुराची पूर्वसूचना देण्याची व्यवस्था उभी केली. तीव्र उन्हाळ्याच्या बाबतीतही असेच झाले. मे २०१० च्या भयंकर उष्म्यानंतर अहमदाबादेने २०१३ साली उष्माघात टाळण्याची योजना आखली. २०१६ साली नागपुराने आपली योजना केली. केव्हा इशारा द्यावा हे प्रत्येक गावाच्या उन्हावर ठरते. इशारा मिळताच कोणी काय करावे हे आधी ठरवावे, एवढेच सर्वांस समान.

येथवर शहरांची गोष्ट झाली. आता आपल्या दारातील गोष्ट.

शहराकडून खेड्यास दोन वस्तू येतात. एक म्हणजे त्याची विद्या आणि दुसरी म्हणजे त्याची घाण. बहुतेक वेळा दुसरी आधी येते. पुणे शहराचा कचरा १९९० च्या दशकापासून उरुळी देवाची व फुरसुंगी या गावांच्या शिवारात टाकला जाऊ लागला. तेथील विहिरींचे पाणी बिघडले, माशा व दुर्गंधी यांनी लोक हैराण झाले आणि गावकऱ्यांस कचऱ्याच्या गाड्या अडविण्यासाठी वर्षानुवर्षे रस्त्यावर यावे लागले. शहर स्वच्छ झाले असे आपण म्हणतो तेव्हा ती घाण नाहीशी झाली की केवळ शिवेपलीकडे गेली, हे विचारण्याचा अधिकार खेड्यास आहे. ज्या शहराची स्वच्छता दुसऱ्या गावाच्या विहिरीवर उभी आहे, त्याची पद्धत कोणीही उचलू नये.

त्याच पुण्यात एक चांगले उदाहरणही आहे. तेथील कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या स्त्रियांनी १९९३ साली आपली पंचायत स्थापिली. २००८ साली त्यांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा घेऊ लागली. जुन्या पद्धतीत जे लोक उकिरड्यावर पोट भरीत होते त्यांस नव्या पद्धतीने हाकलून दिले नाही; तीच माणसे कामावर घेतली. मुंबईच्या सुधारणा मंडळास शंभर वर्षांपूर्वी जे साधले नाही ते येथे काही अंशी साधले.

आणि खेडे खेड्यापासून शिकू शकत नाही काय? नगर जिल्ह्यातील राळेगणसिद्धीचे पाणी अडविण्याचे काम पाहून १९८९ नंतर त्याच जिल्ह्यातील हिवरे बाजार कामास लागले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी व श्रमदान ही सूत्रे त्यांनी अंगीकारली. पण तेवढ्यावर न थांबता त्यांनी आपली भर घातली: शेतीसाठी कूपनलिका खोदावयाची नाही, उसासारखे पाणीखाऊ पीक घ्यावयाचे नाही आणि दर वर्षी पावसाचा हिशेब मांडून मग पेरणी ठरवावयाची. उसने घेतलेल्यात स्वतःची भर घातली म्हणूनच ते त्या गावाचे झाले. संत गाडगेबाबांच्या नावाने २००० साली सुरू झालेल्या ग्रामस्वच्छता अभियानातही गावांनी एकमेकांची अंगणे पाहून आपली सुधारली आणि पुढे केंद्र सरकारने निर्मलग्राम पुरस्कार ठेवला.

आजकाल आपल्या ग्रामपंचायतींचे सदस्यही अभ्यासदौऱ्यास जातात. तेथे सत्कार होतो, छायाचित्रे निघतात आणि परतताना एखाद्या यंत्राचे माहितीपत्रक हाती असते. यापुढे असा दौरा निघाला तर सदस्यांस चार प्रश्न लिहून द्यावेत, अशी आमची सूचना आहे. सकाळी सहा वाजता हे काम कोण करते आणि त्यास मजुरी काय मिळते? तो एक दिवस आला नाही तर कोणास कळते? सरकारी अनुदान संपल्यावर, तिसऱ्या वर्षी, पैसे कोठून आले? आणि या सुधारणेत कोणाचे घर, कोणाचे पोट अथवा कोणाची विहीर गेली? शक्य असेल तर हे प्रश्न व्यासपीठावरील पाहुण्यांस न विचारता रस्ता झाडणाऱ्यासच विचारावेत. उत्तरे समाधानकारक मिळाली तर ती पद्धत आणावी, आपल्या गावाच्या मापाने कापून शिवावी.

महाराजांनी सुरतेहून जे आणले त्यासाठी घोडदळ लागले. आज आणावयाचे आहे ते पश्चिम रेल्वेच्या तिकिटात आणता येईल. फक्त जाणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत आणि परत आल्यावर पहिल्या दिवशी सकाळी स्वतःच्या दारापुढचा रस्ता पायी पाहावा.